आकड्यांची पदवी : वर्ध्याच्या मुलामुलींनी डेटा अ‍ॅनॅलिटिक्स शिकावे का?

बारावीचा निकाल लागला की आमच्याकडे येणाऱ्या फोनचा विषय बदलतो. रेशनकार्ड, हजचा अर्ज, घरातले वाद हे सारे मागे पडते आणि एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडून येतो : मुलाला आता कुठे टाकायचे? पूर्वी याची उत्तरे ठरलेली असत. मार्क चांगले असतील तर डॉक्टरी नाहीतर इंजिनिअरिंग, मध्यम असतील तर डी.एड. किंवा आयटीआय, आणि मुलगी असेल तर घराजवळचे कॉलेज. अलीकडे वर्धा, हिंगणघाट, पुलगावकडून एक नवे नाव कानी येते. डेटा अ‍ॅनॅलिटिक्स. कुणाला पुण्याच्या चुलतभावाने सांगितलेले असते, कुणी मोबाइलवर जाहिरात पाहिलेली असते. "यात नोकरी आहे म्हणतात. पोरीला टाकू का?"

या प्रश्नाला फोनवर दोन मिनिटांत उत्तर देता येत नाही, म्हणून इथे जरा सविस्तर लिहितो आहोत. आमचे मत आधीच सांगून टाकतो. गणिताशी वैर नसलेल्या मुलामुलीसाठी हे शिक्षण चांगले आहे, पण ज्या जाहिरातीमुळे ते घराघरांत पोहोचले, त्या जाहिरातीवर विसंबून ते घेऊ नये.

आपल्या शिवारातला डेटा

'डेटा' हा शब्द इंग्रजी असला तरी वस्तू आपल्या ओळखीची आहे. कापूस पिकवणाऱ्या वर्धा जिल्ह्यात पैसेवारी हा शब्द कुणाला माहीत नाही? आधी नजरअंदाज पैसेवारी निघते, मग सुधारित, मग अंतिम. गावाची पैसेवारी पन्नास पैशांच्या आत आली की टंचाईच्या सवलतींचा रस्ता मोकळा होतो, आणि एक-दोन पैशांनी वर राहिली की गाव हात चोळत बसते. संपूर्ण गावाचा हंगाम एका आकड्यात बसवायचा, त्या आकड्यावर निर्णय घ्यायचा आणि त्या निर्णयावर शेकडो घरांची चूल अवलंबून असायची. अ‍ॅनॅलिटिक्स म्हणजे याहून वेगळे काही नाही.

पीक विम्याचेही तसेच. प्रधानमंत्री पीक विमा योजना २०१६ च्या खरिपापासून सुरू झाली. तिच्यात मंडळातले सरासरी उत्पन्न पीक कापणी प्रयोगातून काढतात आणि ते ठरलेल्या उंबरठा उत्पन्नाच्या जितके खाली असेल, त्या प्रमाणात भरपाई मिळते. एक हिशेब करून पाहू. समजा उंबरठा उत्पन्न हेक्टरी १२ क्विंटल आणि विमा संरक्षित रक्कम ६०,००० रुपये. प्रत्यक्ष उत्पन्न ९ क्विंटल निघाले, तर तूट ३ क्विंटलची, म्हणजे पंचवीस टक्के. भरपाई १५,००० रुपये. आता कापणी प्रयोगात मोजमाप थोडे सैल झाले आणि ९ च्या जागी १० क्विंटल लिहिले गेले, तर तूट २ क्विंटलची उरते आणि भरपाई येते १०,००० रुपये. कागदावर एक क्विंटलचा फरक, शेतकऱ्याच्या खिशात हेक्टरी पाच हजारांचा.

हे मोजमाप सैल का होते, याचा शोध लावण्यात एका मराठी माणसाचा मोठा वाटा आहे. डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे १९११ मध्ये सातारा जिल्ह्यातल्या बुध या गावी जन्मले. पिकांच्या पाहणीसाठी शेतातला किती मोठा तुकडा कापावा, यावर त्यांचा आणि कलकत्त्याच्या प्रशांतचंद्र महालनोबीस यांचा मतभेद होता. महालनोबीस लहान तुकड्यांच्या बाजूचे होते. लहान तुकड्यात काम झटपट होते आणि जास्त ठिकाणी जाता येते. सुखात्मे यांनी दाखवले की तुकडा फार लहान असला तर हद्दीवरची रोपे कापणारा माणूस नकळत आत ओढतो आणि उत्पन्न फुगलेले दिसते. मोठ्या तुकड्यात हद्दीचा वाटा कमी, म्हणून चूकही कमी. यात कुणाची लबाडी नव्हती, मोजण्याच्या पद्धतीतच दोष होता. सुखात्मे पुढे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत सांख्यिकी विभागाचे प्रमुख झाले. १९७१ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले.

संगणक नसताना झालेले हे काम आम्ही मुद्दाम सांगितले. संगणक उत्तर देतो, पण आकडा कुठून आला, कुणी मोजला आणि मोजताना काय सुटले, हे विचारायला माणूस लागतो. ते विचारायला शिकवणारी पदवी घ्यावी. नुसती बटणे दाबायला शिकवणारी पदवी चार वर्षांत जुनी होते.

मगनवाडीचा हिशेबनीस

वर्ध्याला तर या विद्येचा वारसाच आहे, आणि तो फारसा कुणी सांगत नाही. जे. सी. कुमारप्पा हे शिक्षणाने हिशेब तपासनीस. लंडनमध्ये लेखापरीक्षण आणि अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात सार्वजनिक वित्त शिकून आलेले. १९२९ मध्ये ते गांधीजींना भेटले, तेव्हा गांधीजींनी त्यांना गुजरातमधल्या मातर तालुक्याची पाहणी करायला पाठवले. कुमारप्पा विद्यार्थ्यांना घेऊन पन्नासहून अधिक गावे फिरले आणि घरोघरचे उत्पन्न, कर्ज, सारा, गुरेढोरे सारे लिहून आणले. शेतकऱ्यावर सरकारी साऱ्याचा भार किती पडतो, हे त्या तक्त्यांनी सांगितले. पुढे १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. त्याचे ठाणे वर्ध्याच्या मगनवाडीत होते आणि कुमारप्पा त्याचे चिटणीस होते. मध्य प्रांत व वऱ्हाडातल्या उद्योगांची पाहणी करणाऱ्या सरकारी समितीचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे आले.

आज मगनवाडीत मगन संग्रहालय आहे आणि ग्रामीण औद्योगिकीकरणाची राष्ट्रीय संस्थाही आहे. आपल्या मुलांना सहलीला पवनारला नेतो, सेवाग्रामला नेतो. एकदा मगनवाडीतही न्यावे आणि सांगावे की गरिबीवर भाषण करण्याआधी ती मोजणारा माणूस इथे राहत होता.

आपल्या समाजाच्या बाबतीत हेच काम २००६ मध्ये झाले. न्यायमूर्ती राजिंदर सच्चर समितीचा अहवाल त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये आला. त्याआधीही मुसलमान शिक्षणात मागे आहेत असे सगळेच म्हणत, आपणही म्हणत होतो, आणि समोरचा 'लाड होतात' असे म्हणून मोकळा होई. समितीने जनगणनेचे आणि राष्ट्रीय नमुना पाहणीचे आकडे समोर ठेवले. २००१ च्या जनगणनेत देशाची साक्षरता ६५.१ टक्के आणि मुसलमानांची ५९.१ टक्के. समितीचे सदस्य-सचिव अर्थतज्ज्ञ अबूसालेह शरीफ होते. महाराष्ट्रातही २००८ मध्ये महमूदुर्रहमान समिती नेमली गेली आणि तिने २०१३ मध्ये अहवाल दिला. या अहवालांचे पुढे काय झाले हा वेगळा आणि कडू विषय आहे. पण आज आपला कुणी कार्यकर्ता निवेदन घेऊन जिल्हाधिकारी कार्यालयात जातो, तेव्हा त्याच्या हातात जे थोडेफार ठोस असते, ते या तक्त्यांतूनच आलेले असते. पुढचे तक्ते कोण करणार?

मीरासच्या हिशेबापासून

एक गोष्ट आलिमांच्या घरात ठाऊक असते, इतरांना कमी. नवव्या शतकात बगदादमध्ये मुहम्मद इब्न मूसा अल-ख्वारिज्मी यांनी बीजगणितावर जो ग्रंथ लिहिला, त्याचा मोठा भाग मीरास आणि वसीयतीच्या हिशेबांचा आहे. मयताची बायको, आई, दोन मुली, एक मुलगा, शिवाय वसीयत असेल तर कुणाला किती, हे नेमके काढण्याची गरज होती आणि त्या गरजेतून समीकरणे सोडवण्याची रीत पक्की झाली. 'अल्जिब्रा' हा शब्द त्या ग्रंथाच्या नावातला आणि 'अल्गोरिदम' हा शब्द त्या लेखकाच्या नावावरून आलेला. त्याच शतकातले अल-किंदी यांनी गुप्त लिपी उलगडण्यासाठी मजकुरात कोणते अक्षर किती वेळा येते हे मोजण्याची युक्ती लिहून ठेवली. यावर अभिमानाची भाषणे पुष्कळ होतात. आम्हाला त्यातून एवढेच घ्यावेसे वाटते की गणित आपल्या घरात परके नव्हते. दहावीनंतर ते परके कसे झाले, हे मात्र आपण विचारले पाहिजे.

कारण खरी अडचण तिथेच आहे. आपल्याकडे विज्ञान घेतलेल्या मुलाला, विशेषतः मुलीला, 'नीट'साठी जीवशास्त्र द्यायचे आणि गणित सोडायला लावायचे, अशी चाल पडली आहे. उद्देश चांगला असतो, दोन विषयांचा भार नको. पण वैद्यकीय प्रवेश थोड्यांनाच मिळतो, आणि बाकीच्या मुली बारावीनंतर पाहतात तर अर्धे दरवाजे गणिताअभावी बंद. जी मुले आज दहावीत आहेत त्यांच्या पालकांना आमचे कळकळीचे सांगणे आहे : अकरावीला जीवशास्त्र घ्या, पण झेपत असेल तर गणितही ठेवा.

शिकवतात तरी काय?

पदवीला नाव काहीही असो, डेटा अ‍ॅनॅलिटिक्स, डेटा सायन्स किंवा एआय अँड डेटा सायन्स, आत साधारण तीन थर असतात. पहिला गणित आणि संख्याशास्त्राचा : संभाव्यता, नमुना कसा घ्यावा, सरासरी केव्हा फसवते. दुसरा संगणकाचा : पायथन किंवा आर ही भाषा, माहिती साठवून हवी तशी काढण्यासाठी एसक्यूएल, आलेख व फलक बनवण्यासाठी पॉवर बीआयसारखी साधने. तिसरा थर वापराचा, म्हणजे व्यापार, आरोग्य, शेती यांतले खरे प्रश्न घेऊन केलेला प्रकल्प. जाहिरातीत दुसरा थर दिसतो, नोकरी पहिल्या मुलाखतीत त्याच्यावर मिळते, आणि माणूस पुढे टिकतो तो पहिल्या थरावर.

सरासरीचे एक घरगुती उदाहरण देतो. पाच शेतकऱ्यांना एकरी ४, ५, ५, ६ आणि २० क्विंटल कापूस झाला. सरासरी ८ क्विंटल. पण पाचांपैकी चौघांना आठ क्विंटल कधी दिसलेच नाहीत. ओळीत मधोमध उभ्या असलेल्याचे उत्पन्न ५ आहे, आणि गावाची खरी हालत तोच आकडा सांगतो. ओलिताची विहीर असलेला एक माणूस गावाची सरासरी बदलून टाकतो.

याहून गमतीचे उदाहरण अमेरिकेतले आहे. १९७३ मध्ये बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात पदव्युत्तर प्रवेशासाठी अर्ज करणाऱ्या पुरुषांपैकी सुमारे ४४ टक्क्यांना आणि स्त्रियांपैकी सुमारे ३५ टक्क्यांना प्रवेश मिळाला. उघड अन्याय दिसतो. संख्याशास्त्रज्ञांनी विभागवार आकडे काढले, तर बहुतेक विभागांत स्त्रियांवर अन्याय झालेला दिसेना. काही ठिकाणी त्यांचेच प्रमाण किंचित जास्त होते. मग झाले काय? ज्या विभागांत सगळ्यांनाच प्रवेश मिळणे अवघड, तिथे स्त्रियांचे अर्ज जास्त होते. म्हणजे प्रश्न प्रवेशाच्या खिडकीवर नव्हता, मुली कोणत्या विषयांकडे वळतात किंवा वळवल्या जातात, तिथे होता. आकडे तेच, पण मांडणी बदलली की अर्थ उलटा होतो. हे जिला कळले, तिला टीव्हीवरच्या चर्चेत कुणी सहजासहजी फसवू शकणार नाही.

वर्धा जिल्ह्यात वाटा कोणत्या?

इंजिनिअरिंगच्या वाटेने जायचे तर सावंगी (मेघे) येथील दत्ता मेघे अभिमत विद्यापीठाने वैद्यकीय शिक्षणाच्या जोडीला अभियांत्रिकी विद्याशाखा काढली आहे आणि तिथे कृत्रिम बुद्धिमत्ता व डेटा सायन्सची बी.टेक. शाखा आहे. पिपरीचे बजाज इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी २०१७ मध्ये सुरू झाले. ते शिक्षा मंडळाचे आहे आणि लोणेरेच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाशी संलग्न आहे. सेवाग्रामचे बापूराव देशमुख अभियांत्रिकी महाविद्यालय तर जुनेच. या दोन्ही ठिकाणी संगणक अभियांत्रिकी घेता येते, आणि आमच्या मते शाखेच्या नावात 'डेटा' नसल्याने काही बिघडत नाही. संगणक अभियांत्रिकीचा चांगला विद्यार्थी डेटाकडे केव्हाही वळू शकतो. यासाठी एमएचटी-सीईटी द्यावी लागते.

ज्यांना बी.टेक. नको किंवा परवडत नाही त्यांच्यासाठी साधी पदवी आहे. नागपूर विद्यापीठाच्या महाविद्यालयांत बी.एस्सी.ला गणिताबरोबर संख्याशास्त्र किंवा संगणकशास्त्र मिळत असेल तर ते घ्यावे. आज फॅशनमध्ये नसलेली ही जोडी आम्हाला सर्वांत भरवशाची वाटते. वाणिज्य शाखेच्या मुलांसाठी नागपूर विद्यापीठाचा बीसीसीए हा अभ्यासक्रम विदर्भात वर्षानुवर्षे चालत आला आहे. बीसीए-बीबीएकडे जाणाऱ्यांनी एक बदल लक्षात ठेवावा. २०२४ पासून हे अभ्यासक्रम तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत आले आणि महाराष्ट्रात त्यांनाही सीईटी लागू झाली. 'बारावीनंतर पाहू' म्हणून बसलेल्यांची अर्जाची तारीख निघून जाते.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार तीन वर्षांनी पदवी आणि चौथे वर्ष केले तर ऑनर्स अशी रचना आली आहे. तीन वर्षांनी थांबायची मुभा असली, तरी परदेशात किंवा संशोधनाकडे जायचा विचार असेल तर चौथे वर्ष टाळू नये.

घरी राहून आयआयटी

आता ज्या वाटेबद्दल सर्वांत कमी लोकांना ठाऊक आहे ती सांगतो. आयआयटी मद्रासने डेटा सायन्सचा ऑनलाइन पदवी अभ्यासक्रम जाहीर केला आणि २०२१ मध्ये त्याचे वर्ग सुरू झाले. याला जेईई लागत नाही. बारावी कोणत्याही शाखेची चालते, कला-वाणिज्यही. दहावीला गणित आणि इंग्रजी असले पाहिजे. आधी चार आठवड्यांचा अभ्यास देतात, दर आठवड्याला गृहपाठ असतो, मग पात्रता परीक्षा. जो पास झाला त्याला प्रवेश. जागांची मर्यादा नाही, त्यामुळे दुसऱ्याला मागे टाकण्याची गरज नाही, स्वतःचा अभ्यास झाला पाहिजे.

पुढे चार टप्पे आहेत : पायाभूत, पदविका, बी.एस्सी. आणि बी.एस. कोणत्याही टप्प्यावर थांबले तरी तोवरचे प्रमाणपत्र हातात असते. फी विषयागणिक भरता येते, म्हणजे एका सत्रात हात आखडता असेल तर एकच विषय घ्यावा. कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना पंचाहत्तर टक्क्यांपर्यंत सवलत मिळते. व्याख्याने घरी मोबाइलवर किंवा संगणकावर पाहता येतात, पण परीक्षा केंद्रावर जाऊनच द्यावी लागते, आणि याच कारणाने या पदवीला किंमत आहे.

ऐकायला सोपे वाटते, तसे ते नाही. पायाभूत टप्प्यावरच अनेकांची दमछाक होते, कारण मागे लागणारे सर नसतात आणि शिकवणी इंग्रजीत असते. मराठी आणि उर्दू माध्यमातल्या मुलांना पहिले सहा महिने अवघड जातात. त्यासाठी आधीच्या सुट्टीत 'स्वयम्' आणि एनपीटेलवरची मोफत व्याख्याने ऐकून कान तयार करावेत. दोन-तीन मुले मिळून एकत्र बसली तर फार फरक पडतो. मोहल्ल्यातल्या मदरशाची किंवा वाचनालयाची एक खोली संध्याकाळी दोन तास, वायफाय आणि एक जुना संगणक, एवढ्यावर हे होऊ शकते. जमातींनी यात पैसे घालावेत असे आम्हाला वाटते. वार्षिक गुणगौरवाच्या मांडवापेक्षा हा खर्च कमी आहे.

या पदवीच्या शेजारीच बाजारात दुसरा माल आहे. सहा महिन्यांत 'डेटा सायंटिस्ट' बनवण्याचे आणि लाखाच्या पगाराचे वचन देणारे खासगी कोर्स, फी दीड-दोन लाख, तीही मासिक हप्त्यांत. हप्ता म्हणजे बहुधा कर्ज असते आणि क्लास आवडला नाही तरी ते फेडावे लागते. पदवी देणारे विद्यापीठ कोणते आणि ऑनलाइन पदवी देण्याची यूजीसीची परवानगी त्याला आहे का, एवढे दोन प्रश्न विचारावेत. एड-टेक कंपन्यांना फ्रँचायझी देऊन पदव्या वाटणे चालणार नाही, असा इशारा यूजीसी व तंत्रशिक्षण परिषदेने २०२२ मध्येच दिला आहे.

पैसा

मुलींच्या पालकांनी हा भाग दोनदा वाचावा. राज्य सरकारने २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांत इतर मागासवर्ग, आर्थिक दुर्बल घटक आणि एसईबीसी प्रवर्गातल्या मुलींचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले आहे. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत हवे आणि प्रवेश केंद्रीय फेरीतून झालेला हवा, व्यवस्थापन कोट्यातून नव्हे. खासगी अभिमत व स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठांना ही माफी लागू नाही. म्हणजे एकाच जिल्ह्यात दोन कॉलेजांत तीच मुलगी तेच शिकली, तरी एकीकडे शिक्षण शुल्क शून्य आणि दुसरीकडे पूर्ण. पसंतीक्रम भरताना हे पाहूनच भरावा. मुलांसाठी महाडीबीटीवर राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क योजना आणि अल्पसंख्याक विद्यार्थ्यांची राज्य शिष्यवृत्ती आहे. कोणती जास्त फायद्याची, ते बसून मोजावे.

कर्जाचा प्रश्न आपल्या घरांत नाजूक आहे. मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळ कमी दराने शैक्षणिक कर्ज देते, बँकाही देतात. व्याज कमी असले तरी ते व्याजच, असे मानणारी घरे पुष्कळ आहेत आणि त्यांचा आग्रह आम्ही हसण्यावारी नेणार नाही. अशा वेळी आपल्या विश्वासातल्या आलिमांना विचारावे. पण नातलगांत कर्ज-ए-हसना मागायला लाजायचे, पात्र मुलासाठी जकात घ्यायला लाजायचे आणि मग सावकाराच्या दारात जायचे, हे मात्र आम्हाला कळत नाही. लग्नासाठी उसने देणारे मामू-चाचू फीसाठी देतील की नाही, हे विचारल्याशिवाय कसे कळणार?

नोकरी

जाहिरातीतला पगार सुरुवातीला मिळत नाही. लहान गावातून आलेल्या मुलाची पहिली नोकरी बहुधा अहवाल तयार करण्याची, एक्सेलची आणि माहिती स्वच्छ करण्याची असते. नागपूरच्या मिहानमध्ये टीसीएस, इन्फोसिस, एचसीएल आहेत, पण या कामाच्या जागा पुणे, हैदराबाद, बंगळूरकडे जास्त. मुलीला एकटीला तिकडे पाठवायचे का, हा प्रश्न चौथ्या वर्षी अचानक समोर येऊ देऊ नये. प्रवेश घेतानाच अम्मी-अब्बांनी आणि मुलीने त्यावर बोलून घ्यावे. घरून काम मिळते हे खरे, पण पहिल्याच नोकरीत क्वचित.

बँका, कर्ज देणाऱ्या कंपन्या आणि विमा कंपन्या या क्षेत्रात मोठ्या संख्येने माणसे घेतात. ज्यांना ते टाळायचे आहे त्यांच्यासाठी रुग्णालये, औषध कंपन्या, किरकोळ विक्री, शेती, वाहतूक ही दारे उघडी आहेत. सेवाग्राम आणि सावंगी अशी दोन मोठी वैद्यकीय महाविद्यालये ज्या जिल्ह्यात आहेत, तिथल्या मुलीने आरोग्याच्या डेटाकडे वळावे हे आम्हाला फार स्वाभाविक वाटते.

सरकारी नोकरी हवी असेल तर एक सावधगिरी. भारतीय सांख्यिकी सेवेच्या परीक्षेला पदवीत संख्याशास्त्र हा विषय असावा लागतो. कर्मचारी निवड आयोगाच्या कनिष्ठ सांख्यिकी अधिकारी पदासाठीही गणित-संख्याशास्त्राची अट असते. पदवीचे नाव 'डेटा अ‍ॅनॅलिटिक्स' आणि गुणपत्रिकेवर संख्याशास्त्र नाही, असे झाले तर हा दरवाजा बंद होऊ शकतो. कॉलेज निवडताना विषयांची यादी मागून घ्यावी आणि सत्रागणिक वाचावी.

तोवर घरी करून पाहण्यासारखे एक काम आहे. राज्याच्या अर्थ व सांख्यिकी संचालनालयाचे कार्यालय प्रत्येक जिल्ह्यात असते आणि ते 'जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन' प्रसिद्ध करते. त्यातले वर्धा जिल्ह्याचे तक्ते घ्या. आठ तालुके आहेत : वर्धा, सेलू, देवळी, आर्वी, आष्टी, कारंजा, हिंगणघाट, समुद्रपूर. शाळा, दवाखाने, ओलिताखालची जमीन, यांपैकी एक तक्ता मुलाने कोऱ्या कागदावर आलेखात काढावा आणि सांगावे की आष्टी आणि हिंगणघाट यांत फरक का दिसतो. ज्याला हे करताना तासभर कुठे गेला ते कळले नाही, त्याने हा कोर्स घ्यावा. ज्याला दहा मिनिटांत जांभया आल्या, त्याच्यासाठी दुसरे काहीतरी शोधू या; त्यात कमीपणा नाही.

शेवटी कागदपत्रे. मोमीन, पिंजारी, बागवान, तांबोळी, अत्तार अशा ज्या बिरादऱ्या इतर मागासवर्गाच्या यादीत आहेत, त्यांना जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र आणि नॉन-क्रीमिलेअर ही तिन्ही लागतात. ज्यांची बिरादरी यादीत नाही त्यांनी आर्थिक दुर्बल घटकाचा दाखला काढावा. ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मागतात. तो बहुधा दादा किंवा परदादा शिकले त्या शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरमध्ये सापडतो, आणि तिथे नुसते 'मुसलमान' लिहिलेले असले तर जुने खरेदीखत, जन्म-मृत्यूची कोतवाल नोंद असे दुसरे काही शोधावे लागते. याला महिने लागतात. मूल अकरावीत असतानाच अर्ज जिल्हा जात पडताळणी समितीकडे गेलेला बरा.